सत्तेचाळिसाव्या वर्षी टेस्टोस्टेरॉन कमी निघाले : इंजेक्शन घ्यावे की आधी पोट उतरवावे?

प्रश्न : उद्यमबागचा मोल्डर

माझे वय ४७ वर्षे असून मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत पर्यवेक्षक आहे. दर तिसऱ्या आठवड्याला माझी रात्रपाळी असते. खानापूर तालुक्यातील माझ्या गावी बाविसाव्या वर्षापर्यंत मी तालमीत होतो आणि यात्रेच्या मैदानात दोन-चार कुस्त्या मारून फेटाही बांधून घेतला होता. नोकरी लागली तशी तालीम सुटली, पण खुराकाची सवय काही सुटली नाही. आज माझी उंची पाच फूट सात इंच, वजन ८८ किलो आणि कंबर ४१ इंच आहे. दोन जिने चढलो की धाप लागते, दुपारी चारनंतर डोळे मिटू लागतात, चिडचिड वाढली आहे, आणि पत्नीशी जवळीक करण्याची इच्छा गेल्या वर्ष-दीड वर्षात बरीच कमी झाली आहे.

दोन महिन्यांपूर्वी मी एका व्यायामशाळेत नाव घातले. तेथील प्रशिक्षकाने माझी रक्ततपासणी करवून घेतली. रात्रपाळीच्या आठवड्यात, दुपारचे जेवण झाल्यावर साडेचारच्या सुमारास रक्त घेतले होते. अहवालात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक २६८ आले असून प्रयोगशाळेने त्यापुढे खाली रोखलेला बाण छापला आहे. प्रशिक्षकाचे म्हणणे असे की, दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचे अडीचशे मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन याप्रमाणे बारा आठवडे घेतले तर पोट उतरेल आणि पूर्वीची ताकद परत येईल. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय औषध मिळवून देण्याचीही त्याची तयारी आहे, किंबहुना पहिले खोके त्याने माझ्या हातात ठेवलेही आहे. अजून मी ते फोडलेले नाही.

हा विषय कारखान्यात किंवा गावच्या कट्ट्यावर काढला तर थट्टेवारी जातो, म्हणून येथे विचारतो आहे. हे औषध खरोखर कोणासाठी असते, माझ्यासारख्याने ते घ्यावे का, आणि न घेता अंगात पूर्वीची धमक परत येणे या वयात शक्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : टिळकवाडीतील एक फिजिशियन

आपल्या आकड्याचा विचार करण्यापूर्वी रक्त केव्हा घेतले ते पाहावे लागते. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते, दुपारनंतर उतरते आणि जेवणानंतरही काही काळ खाली जाते. म्हणून तपासणीसाठी रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावे, असा संकेत आहे. आपले रक्त जेवणानंतर, दुपारी साडेचारला, तेही झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे झालेल्या आठवड्यात घेतले गेले. त्या २६८ चा अर्थ फार तर ‘पुन्हा तपासा’ एवढाच होतो. दिवसपाळीच्या आठवड्यात चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावर तपासणी करावी. नुकताच डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा दुसरा मोठा ताप येऊन गेला असेल तर आणखी काही आठवडे थांबावे, कारण आजारपणातही ही पातळी खाली जाते.

आता प्रयोगशाळेच्या बाणाविषयी. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेषा धरली. त्याच वर्षी तेथील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेने लठ्ठ नसलेल्या निरोगी तरुणांच्या मोजमापांवरून २६४ ही खालची मर्यादा दिली. म्हणजे आपला आकडा एकीच्या लेखी कमी आणि दुसरीच्या लेखी ठीक ठरतो. लक्षणे असली पाहिजेत आणि सकाळची पातळी दोनदा कमी आली पाहिजे, तोवर निदान करू नये, यावर मात्र दोन्ही संस्थांचे एकमत आहे.

लक्षणांतही फरक करावा लागतो. थकवा, चिडचिड आणि धाप लागणे ही मधुमेह, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, नैराश्य, अपुरी झोप आणि निव्वळ व्यायामाचा अभाव यांतही दिसतात. युरोपातील आठ केंद्रांमध्ये ४० ते ७९ वर्षांच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. कामेच्छा कमी होणे, पहाटेचे ताठरपण कमी होणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणे या तीन लक्षणांचा कमी पातळीशी स्पष्ट संबंध त्या पाहणीत आढळला. ही तिन्ही लक्षणे आणि कमी पातळी एकत्र असलेले पुरुष शेकडा सुमारे दोनच भरले. आपल्याकडे रस्त्याकडेच्या भिंती आणि बसस्थानकाची स्वच्छतागृहे ज्या दुर्बलतेच्या जाहिरातींनी रंगलेली असतात, तिची व्याप्ती प्रत्यक्षात इतकी लहान आहे.

आपल्या बाबतीत माझे लक्ष प्रथम ४१ इंचांच्या कंबरेकडे जाते. पोटाच्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते आणि ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्रीसंप्रेरकात करते. शिवाय लठ्ठपणात रक्तातील इन्शुलिन वाढले की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन कमी होते. त्यामुळे एकूण पातळी घटलेली दिसते, परंतु शरीराला प्रत्यक्ष उपयोगी पडणारा मुक्त भाग अनेकदा ठीक असतो. पुन्हा कमी आले तर ते वाहक प्रथिन, म्हणजे एसएचबीजी, मोजून मुक्त भागाचा हिशेब काढता येतो. सोबत पीयूष ग्रंथीतून येणारी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके तपासावीत. एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणांत आहे असे समजते. ते कमी किंवा जेमतेम असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून येणारा हुकूमच कमकुवत आहे असे समजते. हुकूम मंदावण्याची नेहमीची कारणे लठ्ठपणा, झोपेचा अभाव, मद्य, अफूजन्य वेदनाशामके आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे ही असतात. क्वचित ग्रंथीत गाठ असते, आणि पातळी १५० च्याही खाली असून एलएच वर गेलेले नसेल तर एमआरआय करून तिचा शोध घ्यावा लागतो. हा शोध न घेता इंजेक्शन टोचणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय.

आपण लिहिले नाही, परंतु ताठरतेचीही तक्रार असेल तर ती लाजून लपवू नये. त्या भागातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे त्या आधी तुंबतात, आणि म्हणून ही तक्रार कित्येकदा हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. तेव्हा रक्तदाब, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणी, कोलेस्टेरॉल, थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि हिमोग्लोबिन एवढे या आठवड्यातच करून घ्यावे. आपण मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडतो का, हे पत्नीला विचारावे.

खोके फोडू नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पीयूष ग्रंथी आपला हुकूम थांबवते, वृषणे स्वतःचे उत्पादन बंद करतात आणि हळूहळू आकाराने लहान होतात. टेस्टोस्टेरॉनची वेगवेगळी संयुगे मिसळलेले ते अडीचशे मिलिग्रॅमचे इंजेक्शन खऱ्या कमतरतेच्या रुग्णालाही सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांतून एकदा देतात. आपल्याला सांगितलेली मात्रा त्याच्या तिप्पट आहे.

उत्तर २ : शहापूरचा हितचिंतक

इतक्या तपासण्यांपेक्षा अश्वगंधा आणि शिलाजित दुधातून घ्यावे. त्यात अपाय काहीच नाही. आमच्या आजोबांनी असले आकडे कधी मोजले नाहीत आणि ते ऐंशीव्या वर्षीही यळ्ळूरच्या राजहंसगडावर न थांबता चढत असत.

उत्तर ३ : चिकोडी तालुक्यातील एक ऊस उत्पादक

वरील प्रश्न वाचून राहवले नाही. माझे वय ३९ आहे. आमच्या भागात शेतकऱ्याच्या मुलाचे लग्न जुळणे किती अवघड झाले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. माझे लग्न छत्तिसाव्या वर्षी झाले. लग्नापूर्वी अंग भरलेले दिसावे म्हणून मी एका व्यायामशाळेतील प्रशिक्षकाच्या सल्ल्याने हीच इंजेक्शने दर आठवड्याला, मध्ये थोडा खंड पाडून, जवळजवळ सात महिने घेतली. दंड भरले, छाती आली, आणि फोटो चांगले निघाले हेही प्रामाणिकपणे सांगतो. पाठीवर मात्र पुरळ उठले, चेहरा लालबुंद राहू लागला आणि रक्तदाब वाढला.

लग्नाला वर्ष होऊनही मूल राहीना. घरात सर्वांचे बोट रीतीप्रमाणे पत्नीकडे वळले, तिच्या सर्व तपासण्या झाल्या आणि त्या सर्व निर्दोष आल्या. त्यानंतर कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी माझी वीर्यतपासणी करण्याचा आग्रह धरला. तीत शुक्राणूंची संख्या शून्य निघाली. डॉक्टरांनी इंजेक्शनांविषयी थेट विचारले तेव्हा मी पहिल्यांदा खोटे बोललो आणि दुसऱ्या भेटीत कबुली दिली. त्यांनी समजावले की, शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावी लागते. बाहेरून औषध घेतल्यावर रक्तातील आकडा वाढतो, पण कारखाना आतून बंद पडतो. ज्या औषधाने पुरुषत्व वाढते असे मी समजत होतो, ते गर्भनिरोधकासारखे काम करत होते.

इंजेक्शने थांबवल्यानंतरचे पहिले चार महिने फार वाईट गेले. बाहेरचे औषध बंद झाले होते, आतले सुरू झाले नव्हते. अंगात त्राण नव्हते, मन उदास होते आणि भरलेले दंड डोळ्यांदेखत उतरले. डॉक्टरांनी ग्रंथी जागी करण्यासाठी दुसरी औषधे दिली. संख्या पुन्हा दिसू लागायला तेरा महिने लागले. गेल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. माझी गाडी रुळावर आली, पण प्रत्येकाची येतेच आणि इतक्या वेळातच येते, असे डॉक्टरांनी मला मुळीच सांगितलेले नाही.

आपली मुले मोठी असतील आणि हा प्रश्न आपल्याला लागू नसेल. परंतु त्याच व्यायामशाळेत पंचवीस-तीस वर्षांची पोरे असतील आणि त्यांच्या हातातही हेच खोके ठेवले जात असेल. ते आपण पाहावे, एवढी विनंती.

उत्तर ४ : टिळकवाडीतील एक फिजिशियन

चिकोडीच्या भाऊंनी जे उघडपणे लिहिले ते माझ्या दवाखान्यात येणारे अनेक जण दार लावल्यावरही बोलत नाहीत. मूल हवे असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, हा या उपचारातील मूलभूत नियम आहे.

शहापूरच्या हितचिंतकांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की, आजोबा राजहंसगड चढत होते यातच त्यांच्या प्रकृतीचे बरेचसे उत्तर आहे. अश्वगंधेवर काही लहान अभ्यास झाले असून त्यांत पातळी थोडी वाढल्याचे दिसले आहे. परंतु तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्याने ती डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. शिलाजित म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीत नेमके काय असते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ‘अपाय काहीच नाही’ हे वाक्य मी पाण्याविषयीही लिहिताना विचार करीन.

उत्तर ५ : निपाणीचा शिक्षक

या चर्चेचा सूर असा होतो आहे की हे औषध म्हणजे फसवणूकच. म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण मी गेली आठ वर्षे ते रीतसर घेतो आहे.

मला एकोणिसाव्या वर्षी गालगुंड झाले होते आणि ते दोन्ही वृषणांत उतरले. लहानपणी सहसा निभावून जाणारा हा आजार वयात आल्यावर झाला तर वृषणांची हानी करू शकतो, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हते. दाढी विरळ होत गेली, इच्छा मावळली, अंगात आळस भरला. मी हे सारे स्वभावाचा आणि खडूच्या धुळीतल्या नोकरीचा भाग समजत राहिलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या पायरीवरून साधा घसरलो आणि मनगट मोडले. इतक्या किरकोळ पडण्याने हाड मोडले म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडांची घनता मोजली. ती सत्तरीच्या माणसासारखी निघाली. मग रक्त तपासले. दोन्ही सकाळी टेस्टोस्टेरॉन दीडशेच्या आत होते आणि एलएच बरेच वाढलेले होते. म्हणजे वरून हुकूम सुटत होते, पण ते पाळणारे कोणी उरले नव्हते.

मला एक हजार मिलिग्रॅमचे तेलातील इंजेक्शन कमरेखाली देतात. दुसरे सहा आठवड्यांनी दिले आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी एक. ते दाट असल्यामुळे अगदी सावकाश टोचावे लागते, आणि क्वचित तेलाचा अंश फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येते म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. पहिल्या दोन महिन्यांत इच्छा परतली आणि मनावरचे मळभ हटले. हाडांची घनता सुधारायला दोन वर्षे लागली. ताकद मात्र इंजेक्शनाने आपोआप आली नाही. वजने उचलू लागलो तेव्हाच ती आली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे औषध तांबड्या पेशी वाढवते. दुसऱ्या वर्षी माझे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५३ टक्क्यांवर गेले. ५४ ओलांडले तर उपचार थांबवावा लागतो, कारण रक्त दाट होऊन गुठळीची भीती असते. माझ्या दोन इंजेक्शनांमधील अंतर वाढवले आणि ते खाली आले. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणीही ठरलेल्या वेळी करावी लागते. आणि माझ्या बाबतीत हे जन्माचे बंधन आहे. तक्रार करत नाही. मधुमेही माणूस इन्शुलिन घेतो तसा मी हे घेतो. खंत एवढीच आहे की लाजेपायी पंचवीस वर्षे कोणाला विचारले नाही.

उत्तर ६ : टिळकवाडीतील एक फिजिशियन

गुरुजींचे उदाहरण हे या उपचाराचे खरे क्षेत्र आहे. वृषणे निकामी झालेल्या माणसाला औषध नाकारणे हा अन्याय ठरेल.

प्रश्नकर्त्यांसारख्या मधल्या पट्टीतील पुरुषांसाठी दोन मोठे अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वर्षांच्या, पोट सुटलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा नुकत्याच त्यापलीकडे गेलेल्या सुमारे एक हजार पुरुषांना दोन वर्षे आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. निम्म्यांना त्यासोबत गुरुजी घेतात तेच इंजेक्शन आणि निम्म्यांना तुलनेसाठी औषध नसलेले बनावट इंजेक्शन दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांअखेर औषध घेणाऱ्यांपैकी १२ टक्के आणि बनावट इंजेक्शनवाल्यांपैकी २१ टक्के मधुमेही होते. हा फरक चांगला आहे हे मान्य केले पाहिजे. त्याच वेळी औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचे हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेले.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील, २०२३ चा. त्यात हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, ४५ ते ८० वर्षांचे पाच हजारांहून अधिक पुरुष होते. त्यांची लक्षणे होती आणि पातळी ३०० च्या खाली होती. टेस्टोस्टेरॉनची जेल लावणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तत्सम मृत्यू एकत्र धरून ७.० टक्के, तर बनावट जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के होते. म्हणजे हृदयाच्या झटक्याची जी भीती घातली जात असे ती योग्य मात्रेत खरी ठरली नाही. परंतु हृदयाची अनियमित धडधड, मूत्रपिंडाची इजा आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक होते. पुढे हाडांचा हिशेब केला तेव्हा अस्थिभंगही त्यांच्यातच अधिक निघाले. गुरुजींचे हाड ज्या औषधाने सावरले, त्याच औषधाचा हा निष्कर्ष आहे. पूर्ण कमतरता असलेला माणूस आणि वय व वजन यांमुळे थोडी पातळी घटलेला माणूस हे दोन वेगळे रुग्ण आहेत, असा मी याचा अर्थ लावतो. आणि हे सर्व आकडे देखरेखीखालील योग्य मात्रेचे आहेत. प्रशिक्षकाच्या तिप्पट मात्रेला ते लावू नयेत.

उत्तर ७ : उचगावचा निवृत्त हवालदार

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून गावच्या तालमीत संध्याकाळी पोरांना शिकवतो. वैद्यकीय गोष्टींत मी बोलणार नाही. अंगाची धमक परत येते का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे तेवढे उत्तर देतो.

येते. पण जुन्या पैलवानाचा शत्रू त्याची आठवणच असते. पंचवीस वर्षांनी लंगोट कसलेला माणूस पहिल्याच दिवशी तीनशे बैठका मारायला जातो, कारण मन अजून बावीस वर्षांचे असते. आमच्याकडे असाच एक जण आला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या फुगल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायू तुटून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात साचले होते. चार दिवस दवाखान्यात सलाइनवर काढावे लागले. म्हणून पहिल्या आठवड्यात वीस बैठका आणि दहा जोर, तेही दोन-तीन हप्त्यांत. गुडघा कुरकुरत असेल तर पूर्ण बैठक न मारता खुर्चीला टेकून उठावे. जोर जमत नसतील तर ओट्यावर हात ठेवून काढावेत. दर आठवड्याला पाच-पाचने वाढवावे. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे आणि उरलेल्या दिवशी चालणे असावे. चालणे म्हणजे रमतगमत फिरणे नव्हे. शेजारच्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. आपण शहरात असाल तर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चार फेऱ्या माराव्यात. तीन महिन्यांनी राजहंसगडाचा चढ घ्यावा. तोवर नको.

रात्रपाळीच्या आठवड्यात जोर-बैठका निम्म्यावर आणाव्यात आणि झोप पुरी करावी. फौजेत आम्ही पाहिले आहे, झोप न झालेल्या जवानाला कितीही पळवा, तो सुधारत नाही.

खुराकाविषयी आपण स्वतःच लिहिले आहे. दूध, तूप, बदाम आणि केळी हा दिवसाला हजार बैठका मारणाऱ्याचा खुराक आहे. दिवसभर उभे राहून लोकांना सूचना देणाऱ्याने तो खाल्ला तर कंबर ४१ होणारच. तूप एका चमच्यावर आणावे, चहातील साखर सोडावी आणि कुंदा पाहुण्यांसाठी ठेवावा. भाकरी दोन पुरे, पण सोबत मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ वाटीभर, दही आणि दोन अंडी असावीत. मांसाहार चालत असेल तर रस्सा कमी आणि फोडी जास्त घ्याव्यात. आमच्या पिढीला प्रथिनांचा हिशेब नव्हता, आजकालची पोरे करतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरतात. अंड्यात सहा ग्रॅम येतात, वाटीभर उसळीत सात-आठ. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्नकर्ता : उद्यमबागचा मोल्डर (साडेचार महिन्यांनंतर)

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, परंतु काही सांगण्यासारखे हाती आल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

दिवसपाळीच्या आठवड्यात उपाशीपोटी दोन सकाळी रक्त दिले. टेस्टोस्टेरॉन ३४९ आणि ३६६ आले. एलएच आणि प्रोलॅक्टिन ठीक आहेत. मात्र एचबीएवनसी ७.२ निघाले, म्हणजे मला मधुमेह आहे आणि तो केव्हापासून आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ज्या दुपारच्या थकव्यावर मी इंजेक्शन घेणार होतो त्याचे मूळ बहुधा तेथे होते. पत्नीला घोरण्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, हे मी सहा वर्षे सांगते आहे, तुम्ही पहिल्यांदा विचारले. झोपेची तपासणी झाली. श्वास अडण्याचा त्रास मध्यम स्वरूपाचा आहे आणि वजन उतरल्यावर पुन्हा पाहू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

साखरेची एक गोळी सुरू आहे. हवालदार काकांच्या सांगण्याप्रमाणे वीस बैठकांपासून सुरुवात केली आणि खरे सांगायचे तर त्या वीस संपताना लाज वाटली. आता तीन हप्त्यांत साठ होतात, जोर पस्तीस. वजन ८८ वरून ८१.५ झाले, कंबर ३८ वर आली. जिने चढताना धाप लागत नाही. इच्छा पूर्ववत झाली असे म्हणणार नाही, परंतु ती परत येते आहे, आणि घरात मोकळेपणाने बोलणे झाल्याने निम्मा भार तेथेच उतरला. गेल्या रविवारी थोरल्या मुलाला घेऊन राजहंसगडावर गेलो होतो. दोन ठिकाणी बसावे लागले.

प्रशिक्षकाला खोके परत नेऊन दिले. त्याने पैसे परत केले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. चिकोडीच्या भाऊंनी लिहिले होते म्हणून तेथील दोन तरुणांशी बोललो. एकाने ऐकून घेतले. दुसरा म्हणाला, काका, तुमचे वय झाले, आमचे वेगळे आहे. त्याच्यासाठी भाऊंचे उत्तर छापून ठेवले आहे.

हवालदार काकांना एक विचारायचे आहे. उजवा गुडघा पन्नासाव्या बैठकीनंतर आतल्या बाजूने दुखतो, सूज नाही. बैठका तेथेच थांबवून मुद्गल सुरू करू का, की आधी गुडघा दाखवून घेऊ?

उत्तर ८ : उचगावचा निवृत्त हवालदार

आधी गुडघा दाखवून घ्यावा. तोवर बैठका चाळीसवर ठेवाव्यात आणि खाली अर्ध्यापर्यंतच जावे. मुद्गल जरूर सुरू करावा, पण हलका, चार किलोच्या आतला. पहिले चार-पाच दिवस कोणीतरी शेजारी उभे असावे. जुना मुद्गल उचलायचा मोह होईल. तो माळ्यावरून काढूच नये.